पवनीची कंट्रोलर

दामिनी धकाते आणि मी एकाच गल्लीत वाढलो. पवनीच्या विणकरांच्या वस्तीत त्यांचं घर आणि आमचं घर पाठीला पाठ लावून उभी आहेत. माझ्या वडिलांचं बाजारात कापडाचं दुकान, त्यामुळे आमच्या घरात बोलणं दुकानदारी पद्धतीचं, हळू आणि गोड. दामिनीकडे मात्र पुढच्या खोलीत हातमाग. तिचे वडील सेवकराम काका सकाळी मागावर बसले की धोट्याची खटखट जेवणाच्या वेळेपर्यंत थांबायची नाही. त्या आवाजावरून बोलायचं तर आवाज चढवावाच लागे. म्हणून त्या घरात सगळेच मोठ्यानं बोलत. काका, काकू, दामिनीचा मोठा भाऊ कुंदन, सगळेच. माग बंद असला तरी सवय जात नसे. त्यांच्याकडे आज कोणती भाजी आहे हे आमच्या घरात भिंतीपलीकडून कळायचं.

"मोनिका," माझी आई म्हणायची, "जा, दामिनीले सांग, आमाले बी चवीपुरती वांगी पाठव म्हना. कवापासून ओरडून राहिले."

दामिनीचा आवाज घरात सगळ्यांत खणखणीत. शाळेत प्रार्थना तीच सांगायची, कवायतीचे हुकूम तीच द्यायची. पण या आवाजाचं पुढे काय होणार, याचा विचार तेव्हा कोणी केला नव्हता.

तो विचार पहिल्यांदा आला लाखांदूरच्या एसटी स्टँडवर. दामिनीचे मामा मारोतराव तिथे वाहतूक नियंत्रक होते. आमच्याकडे त्या माणसाला सगळे सरळ 'कंट्रोलर'च म्हणतात. खिडकीमागे बसून ते गाड्यांच्या नोंदी करायचे आणि माइकवर घोषणा द्यायचे. बारावीची परीक्षा संपल्यावर दामिनी मामांकडे राहायला गेली आणि मलाही सोबत घेऊन गेली. लग्नसराई होती. स्टँडवर पाय ठेवायला जागा नव्हती, आणि नेमका त्याच दिवशी मारोतमामांचा घसा पार बसला. माइकवर त्यांनी तोंड उघडलं की नुसती हवा निघायची.

"मामाजी, मी सांगू का?" दामिनीनं विचारलं.

मामांनी इकडेतिकडे पाहिलं. लोक खिडकीवर गर्दी करून "साकोली कवा? वडसा कवा?" विचारत होते. मामांनी माइक तिच्याकडे सरकवला आणि घोषणा कागदावर लिहून द्यायला सुरुवात केली.

पहिल्या दोनतीन घोषणा तिनं लिहिल्याप्रमाणे वाचल्या. मग एक गोंधळ झाला. साकोलीची गाडी फलाटावरून मागे निघत होती आणि त्याच वेळी पवनीची गाडी त्याच जागेवर घुसू पाहत होती. दोन्हींच्या मधे बोचकी घेतलेल्या बायका. दोन्ही ड्रायव्हर हॉर्न वाजवत होते, कोणीच हटत नव्हतं. मामा लिहायला वाकले, पण दामिनीनं कागदाची वाट पाहिली नाही.

"पवनी गाडीवाले काका, तुमी तिथंच थांबा. मधातल्या बाया, तुमी फलाटावर चढा. चढल्या? आता साकोली गाडी, हळू मांगं या. हां, या, या. पवनीवाले काका, आता तुमी."

सगळ्या स्टँडनं ऐकलं आणि सगळ्या स्टँडनं केलं. पवनीच्या गाडीचा ड्रायव्हर फलाटाला गाडी लावून खिडकीपाशी आला नि वाकून आत पाहू लागला.

"कंट्रोलर साहेब कुठं गेले? हे कोन नवीन मॅडम आल्या?"

मामांनी बसलेल्या घशानं काहीतरी सांगितलं ते कोणाला कळलं नाही. दामिनीचा चेहरा मात्र मी पाहिला. ती लाजली नव्हती, घाबरली नव्हती. पुढची गाडी कुठून येते म्हणून ती रस्त्याकडे बघत होती.

पुढे आम्ही दोघींनी फिजिक्स आणि मॅथ्स घेऊन बी.एस्सी.ला नाव टाकलं. शेवटच्या वर्षाला एकदा आमच्या फिजिक्सच्या सरांनी धडा बाजूला ठेवला आणि हे विषय घेऊन मास्तरकीशिवाय काय काय करता येतं ते सांगायला लागले. हवामान खातं, रेल्वे, बँक असं सांगता सांगता म्हणाले, "आणि एअर ट्रॅफिक कंट्रोलर."

दामिनी बाकावरून उठून उभी राहिली. "सर, कंट्रोलर म्हणजे स्टँडवरच्यासारखा?"

वर्ग हसला. सर हसले नाहीत. "तसाच," ते म्हणाले. "कोणतं विमान आधी उतरणार, कोणतं थांबणार, कोण किती उंचीवर राहणार, हे जमिनीवरून सांगणारा माणूस. फरक इतकाच की एसटी रस्त्याच्या कडेला उभी करता येते. विमान वर उभं करता येत नाही. त्याला फिरवतच ठेवावं लागतं."

घरी जाताना सायकल हातात धरून दामिनी माझ्या शेजारी चालत होती. वाटेत एक शब्द बोलली नाही, आणि दामिनी गप्प असणं ही आमच्या गल्लीत बातमी होती. घर आल्यावर म्हणाली, "मोना, मले ते करायचं हाय."

"विमान पाह्यलं हायेस का कवा जवळून?"

"नाई."

"मग?"

"स्टँड तं पाह्यलंय."

जाहिरात निघायला बराच काळ गेला. मधे कोरोनाचं वर्ष आलं. जाहिरात आली तेव्हा आम्ही दोघींनी मिळून अर्ज भरला, धर्मेंद्रच्या ऑनलाइन सेंटरवर. धर्मेंद्र आमच्या शाळेतलाच, तहसील कचेरीच्या रस्त्यावर त्यानं दोन कॉम्प्युटर टाकले होते. दामिनीचा फोटो साइट काही केल्या घेईना. प्रत्येक फोटोत ती हसत होती.

"जरा गंभीर बस ना," धर्मेंद्र म्हणाला. "सरकारी नोकरी हाय, लग्नाची पत्रिका नोई."

ती गंभीर बसली की मला हसू यायचं, आणि मी हसले की ती हसायची. शेवटी त्यानं मला बाहेर उभं केलं आणि मगच फोटो झाला.

त्या खेपेला आम्ही दोघीही लेखी परीक्षेतच अडकलो. मला फारसं वाईट वाटलं नाही, कारण मला खरं तर शिकवायचंच होतं. मी बी.एड.ला गेले. आज मी नाकाडोंगरीच्या एका शाळेत गणित शिकवते आणि मजेत आहे. दामिनीनं मात्र हट्ट सोडला नाही. सकाळी मुलांच्या शिकवण्या, दुपारी आईला मागासाठी सुताच्या कांड्या भरू लागणं आणि उरलेला सगळा वेळ अभ्यास. पेपर चांगला गेला तरी पुढे आवाजाची चाचणी असते, इंग्रजी स्पष्ट वाचता आलं पाहिजे, हे तिला कळलं होतं. म्हणून ती इंग्रजी वर्तमानपत्र मोठ्यानं वाचायची. माग चालू असताना, मागावरून ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं.

गल्लीच्या टोकाला राहणाऱ्या शकुनबाई एकदा घाईघाईनं आमच्या दारात आल्या. "मोनिका, जाऊन पाय वो. दामिनी कोनाशी तरी इंग्रजीत भांडून राहिली."

याच काळात तुमसरकडचं एक स्थळ आलं. माणसं सालस होती. पोहे झाले, चहा झाला. मुलाच्या काकांनी विचारलं, "मुलगी काय करते?"

"विमानाच्या परीक्षेची तयारी करून राहिली," कौशल्याकाकू म्हणाल्या. दामिनीची आई त्या, त्यांना पोरीचं कौतुक लपवता येत नसे.

"अरे वा. म्हणजे हवाई सुंदरी?"

"नाई जी," सेवकराम काका मोठ्यानं म्हणाले. "ते विमानात बसत नाई. ते खालूनच दटावते."

पाहुणे इतके हसले की एकाच्या हातातला चहा सांडला. दामिनीनं त्यांना स्वतःच सांगितलं की, मला अजून एकदा परीक्षा द्यायची आहे, तोवर थांबता येईल का. त्यांना थांबणं शक्य नव्हतं. जाताना पाहुणे सेवकराम काकांना म्हणाले, "पोरगी चांगली हाय. पास झाली तं कळवा, पेढे खायाले येऊ."

ती पास झाली. निकाल लागला त्या दिवशी काकांनी माग बंद ठेवला. घरात इतकी शांतता झाली की शकुनबाई पुन्हा चौकशीला आल्या, काही बरंवाईट तर नाही ना घडलं.

पण लेखी परीक्षा म्हणजे अर्धीच वाट. आवाजाच्या चाचणीला मुंबईला जायचं होतं. कुंदन सोबत गेला. परत आल्यावर त्यानंच सगळं रंगवून सांगितलं. दामिनी आत गेली, समोर माइक, पलीकडे दोन साहेब. वाचायला इंग्रजी उतारा दिला. तिनं घसा साफ केला आणि पहिलं वाक्य वाचलं. एक साहेब खुर्चीसकट मागे सरकले.

"मॅडम," ते हसून म्हणाले, "माइक चालू आहे."

दामिनीलाही हसू आलं. माफी मागून म्हणाली, "सर, आमच्या घरात माग आहे." त्यांनी माग म्हणजे काय ते विचारलं. तिनं सांगितलं. मग त्यांनी तिला पाणी दिलं, पुन्हा पहिल्यापासून वाचायला सांगितलं. दुसऱ्यांदा ती अगदी बेतानं बोलली. इतकं बेतानं तिला बोलता येतं हे तिला स्वतःलाच तेव्हा कळलं. पुढे डोळे, कान, रक्त अशी वैद्यकीय तपासणी झाली, आणि एके दिवशी नेमणुकीचं पत्र आलं.

प्रशिक्षण कुठे मिळणार याची आम्हा सगळ्यांना उत्सुकता. प्रयागराज असेल, हैदराबाद असेल, अशी चर्चा चालली होती. कुंदननं मोठी सूटकेस आणून ठेवली होती. निघालं गोंदिया. गोंदियाजवळ बिरसीला विमानतळ आहे, तिथल्या प्रशिक्षण केंद्रात.

मारोतमामांनी लाखांदूरहून फोन केला. "हे काय वो, दामिनी? मी समजलो पोरगी परदेशी चालली. तू त आपल्याच जुन्या जिल्ह्यात चालली. आमी शाळेत होतो तवा गोंदिया भंडाऱ्यातच होता."

"भाऊ, एक गाडी भंडाऱ्यापर्यंत, दुसरी गोंदियाची. पोरगी दूर गेली म्हनून रडाले बी जागा नाई," कौशल्याकाकूंनी मागून ओरडून सांगितलं. फोनची गरजच नव्हती, आवाज तसाच लाखांदूरला पोचला असता.

गल्लीत मात्र बातमी वेगळीच पसरली. दामिनी कंट्रोलर झाली, इतकंच लोकांनी ऐकलं. दुसऱ्या दिवशी भाजीवाल्या कलाबाईनं काकूंना अडवलं. "पोरीले सांगा, पहाटंची भंडारा गाडी रोज उशिरा येते, तेवढं पाय म्हना."

बिरसीला दामिनीच्या तुकडीत सगळ्या देशातली मुलं होती. केरळची, हरियाणाची, बिहारची. पहिले काही आठवडे वर्गातले होते. हवामान, नकाशे, विमानांचे प्रकार, नियम. त्यात तिला काही जड गेलं नाही. अक्षरं बोलायची पद्धत तर तिला फार आवडली. रेडिओवर 'बी' आणि 'डी' सारखेच ऐकू येतात म्हणून ए-बी-सी-डी न म्हणता अल्फा, ब्राव्हो, चार्ली, डेल्टा म्हणायचं. नाइन आणि फाइव्ह यांत गफलत होऊ नये म्हणून नऊला 'नायनर' म्हणायचं. फोनवर तिनं हे सांगितल्यापासून काकू भाजीच्या बाजारात "नायनर रुपये पाव काहून?" असं विचारू लागल्या.

अडचण सुरू झाली सिम्युलेटरवर. म्हणजे खोट्या टॉवरवर. समोर रडारच्या पडद्यावर विमानांचे ठिपके दिसतात, कानाला हेडफोन, आणि शेजारच्या खोलीत बसलेली माणसं पायलट होऊन बोलतात. विमान खोटं असलं तरी घाम खरा येतो, असं दामिनी म्हणायची. सुरुवातीला ती सगळ्यांत पुढे होती. तिचा आवाज स्पष्ट, हुकूम नेमके. शिकवणाऱ्या मॅडम टॉवरमध्ये अर्धं आयुष्य काढून आलेल्या, कमी बोलणाऱ्या होत्या. त्यांनी एकदोनदा मान डोलावली होती.

मग एका सरावात तीन विमानं एकदम आली. एक खाली सात हजार फुटांवर होतं. वरच्याला दामिनीनं सांगितलं, आठ हजारांपर्यंत खाली ये. पायलटनं नियमाप्रमाणे तिचा हुकूम परत म्हणून दाखवला, पण मुद्दाम चुकवून, "सात हजार". परीक्षा घ्यायला असं करतातच. दामिनीचं लक्ष तोवर तिसऱ्या विमानाकडे गेलं होतं. ती म्हणाली, "बरोबर." पडद्यावर दोन ठिपके एका उंचीवर एकमेकांकडे सरकले आणि लाल झाले. मॅडमनी सराव थांबवला.

मॅडम तिच्या खुर्चीशी आल्या. "बेटा, बोलना तुम्हें आता है," त्या म्हणाल्या. "अब सुनना सीखो."

रागावल्या असत्या तर बरं झालं असतं, दामिनी मला नंतर म्हणाली. पुढचे दोन सराव तर आणखी बिघडले. आता ती इतकी घाबरली होती की प्रत्येक हुकुमाआधी थांबायची, आणि ती थांबेपर्यंत विमानं पुढे निघून जायची. त्या शनिवारी तिचा मला फोन आला.

"मोना, मी परत येऊन राहिली."

"सुट्टीवर?"

पलीकडे सूटकेसची चेन ओढल्याचा आवाज आला.

"ये," मी म्हणाले. "मी बी येते पवनीले."

रविवारी आम्ही दोघी तिच्या घरी होतो. कौशल्याकाकूंनी काही विचारलं नाही, फक्त जेवायला जास्त वाढलं. कुंदननं मात्र सरळ विचारलं, "चुकतं काय तुयं?"

"तुले नाई समजायचं."

"मग समजाव ना. विमान कसं उतरवतात ते दाखव. एवढ्या दिवसांत आमाले कोनी सांगतलंच नाई."

दामिनी उठायला तयार नव्हती. पण कुंदन तिला हाताला धरून बाहेर घेऊन गेला आणि आम्हीही मागून गेलो. आमच्या गल्लीच्या मागे एक लांब मोकळी पट्टी आहे. विणकर तिथे सूत ताणून त्याला पेज लावतात. रविवारी ती रिकामी होती.

"ही तुयी धावपट्टी," कुंदन म्हणाला. "आमी विमानं. सांग."

ती नाखुशीनंच उभी राहिली. पण कामाला लागली की दामिनीला नाखूष राहता येत नाही. तिनं नावं वाटली. कुंदन अल्फा, काका ब्राव्हो, काकू चार्ली, मी डेल्टा. सूप घेऊन तांदूळ निवडत बसलेल्या शकुनबाई सुपासकट उठून आल्या, "मी बी विमान", म्हणून त्या इको. नियम असा ठरला: बोलावणं येईपर्यंत सगळ्यांनी पट्टीच्या कडेच्या हापशीभोवती गोल फिरायचं. नाव घेतलं की सांगितलेलं आधी परत म्हणून दाखवायचं, मग पाऊल टाकायचं.

"अल्फा, धावपट्टीवर उतरा."

"अल्फा, धावपट्टीवर उतरतो," म्हणून कुंदन हात पसरून धावत गेला आणि पार टोकाला जाऊन थांबला. मी उतरले. काकू हापशीभोवती फिरून फिरून वैतागल्या.

"दामिनी, किती येळ फिरवतं वो? गॅसवर दूध हाय."

"चार्ली, तुमचा नंबर यायचा हाय. दूध म्हणजे इमर्जन्सी हाय का?"

"उतू गेलं तं इमर्जन्सीच!"

"सगळ्यांनी थांबा," दामिनी ओरडली. "चार्ली पहिले उतरतील." काकू लुगडं सावरत धावपट्टीवरून थेट स्वयंपाकघरात गेल्या. गल्लीतली माणसं ओट्यांवर येऊन उभी राहिली होती. टाळ्या पडल्या.

दूध वाचलं की नाही ते पाहायला दामिनीची मान घराकडे वळली होती. त्याच वेळी तिनं वडिलांना सांगितलं, "ब्राव्हो, डाव्या बाजूनं या."

"ब्राव्हो, उजव्या बाजूनं येतो," काका नेहमीच्या मोठ्या आवाजात म्हणाले.

"हो, बरोबर," दामिनी म्हणाली.

काका दोन्ही हात पसरून उजव्या बाजूनं निघाले आणि सरळ शकुनबाईंवर जाऊन आदळले. सूप उडालं, तांदूळ सगळ्या धावपट्टीभर. मग जो हशा उठला तो नदीच्या घाटापर्यंत गेला असेल. शकुनबाई स्वतःच खाली बसून हसत होत्या.

"मी कायले दोषी?" काका म्हणत होते. "मी सांगतलं ना, उजव्या बाजूनं येतो म्हनून. थे म्हनली बरोबर."

दामिनी हसत नव्हती. ती जागच्या जागी उभी होती. मग तिनं विचारलं, "बाबा, तुमी काय बोलले होते? परत सांगा."

"उजव्या बाजूनं."

"आन् मी आयकलंच नाई," ती म्हणाली. "आवाज आला, पन शब्द नाई आयकले. माझं बोलून झालं की मले वाटते काम झालं." मग तिनं खाली वाकून मूठभर तांदूळ उचलले आणि शकुनबाईंच्या सुपात टाकले. "पहिले हे वेचू. मग परत करू. या वेळी सगळ्यांनी मुद्दाम चुकवा."

तांदूळ वेचून झाल्यावर आम्ही पुन्हा विमानं झालो. आता खेळाला रंग चढला. आम्ही चुकीचं बोलायचो, ती पकडायची. माझं चेहऱ्यावरूनच कळायचं, कुंदनला हसू दाबता यायचं नाही. सगळ्यांत अवघड होत्या काकू. त्या एकदम सरळ चेहऱ्यानं डाव्याचं उजवं करायच्या, आणि ते इतक्या सहज की पहिल्यांदा दामिनी फसली. मग फसेनाशी झाली. गल्लीतल्या आणखी दोघी विमानं म्हणून सामील झाल्या, नावं फॉक्सट्रॉट, गोल्फपर्यंत गेली. अंधारून येईस्तोवर ती पट्टी आम्ही सोडली नाही. दामिनीचा आवाज मात्र त्या संध्याकाळी हळूहळू खाली येत गेला. सांगून झालं की ती थांबायची, डोकं किंचित वाकडं करून समोरच्याचं पूर्ण ऐकायची, आणि मगच पुढच्याकडे वळायची.

सोमवारी पहाटेच्या गाडीनं ती गोंदियाला परत गेली. ती गाडी त्या दिवशी वेळेवर आली, हे कलाबाईनं आवर्जून काकूंच्या कानावर घातलं.

पुढच्या सरावात तिनं दोन चुकीची उत्तरं पकडली. त्याच्या पुढच्या वेळी मॅडमनी तिच्या पडद्यावर आणखी दोन विमानं वाढवली. दामिनीनं मला फोनवर हे सांगितलं तेव्हा ती इतकी खूश होती की मी फोन कानापासून लांब धरला. ऐकायला शिकली असली तरी घरच्या माणसांशी तिचा आवाज तोच राहिला आहे.

शेवटच्या परीक्षेला ती नीट पास झाली. पहिला नंबर काही आला नाही, तो केरळच्या एका मुलाचा आला. पण रडारवर तिचे मार्क चांगले होते. नेमणूक रायपूरला मिळाली. तिथे गेल्यावर लगेच कोणी माइक हातात देत नाही. बरेच महिने जुन्या कंट्रोलरच्या शेजारी बसून काम करावं लागतं, तो ऐकत असतो, चुकलं की लगेच बोट वर करतो. त्यानंतर पुन्हा परीक्षा, आणि ती झाली की मग एकटीनं बसायची परवानगी. ती परवानगी तिला मिळाली त्या दिवशी मारोतमामांनी लाखांदूरच्या स्टँडवर सगळ्या ड्रायव्हर-कंडक्टरांना पेढे वाटले. ते निवृत्तीला आले होते. "आता आमच्या खानदानातला कंट्रोलर वर गेला," ते म्हणत होते, आणि कोणीतरी, "असं नका म्हनू साहेब, गैरसमज होते," म्हणून त्यांना थांबवत होतं.

दिवाळीच्या सुट्टीत काका, काकू आणि मी रायपूरला गेलो. भंडारा रोड स्टेशनावरून रेल्वे सरळ जाते. काकांनी दामिनीसाठी स्वतः विणलेली साडी आणली होती. काकूंनी डब्यांची अख्खी पिशवी भरली होती. टॉवरमध्ये बाहेरच्या माणसाला जाता येत नाही, हे तिनं आधीच सांगितलं होतं. तरी काकांना ती जागा बघायचीच होती. म्हणून आम्ही विमानतळाबाहेरच्या रस्त्यावर, एका चहाच्या टपरीपाशी उभे राहिलो. तिथून कुंपणापलीकडे टॉवर दिसत होता, वरची काच उन्हात चमकत होती.

"थे आत हाय?" काकूंनी विचारलं.

"हो, ड्युटी हाय तिची."

तेवढ्यात एक विमान आलं. आधी नुसता ठिपका, मग पंख, मग चाकं. काका टपरीचा बाक सोडून रस्त्याच्या मधोमध जाऊन उभे राहिले. विमान खाली खाली आलं, चाकं जमिनीला टेकली, धूर उडाला, आणि ते लांब धावून शांतपणे वळलं. काकांनी दोन्ही हात वर करून जोरात टाळ्या वाजवल्या. काकूंनी वाजवल्या, मी वाजवल्या. चहावाल्यालाही काय झालं ते न कळताच त्यानंही वाजवल्या.

"आमची पोरगी हाय वर," काकांनी त्याला सांगितलं. "तिनं उतरवलं थे."

तासाभरानं दामिनी बाहेर आली. गळ्यात ओळखपत्र, डोळे थकलेले, चेहरा हसरा. काकांनी विमानाची सगळी हकीकत सांगितली, कसं आलं, कसं टेकलं, कशा टाळ्या वाजवल्या.

दामिनीनं घड्याळाकडे पाहिलं आणि तिला हसू आवरेना. "बाबा, तवा माझी सुट्टी चालू होती. मी खाली डबा खाऊन राहिली होती. थे विमान दुसऱ्यानं उतरवलं."

काकांनी टॉवरकडे पाहिलं.

"असू दे," ते म्हणाले. "ज्यानं कोनी उतरवलं, त्यानं चांगलंच उतरवलं. त्याले बी टाळ्या पायजेतच ना." आणि चहावाल्याकडे वळून म्हणाले, "भाऊ, आता चार चहा करा. एक कमी साखरेचा."